आठ अक्षरांचं नाव

एन्कोडर आला त्या दिवशी हरिश्चंद्र सावे कॉलेजवर पोचायच्या आधीच विठू शिपायाने खोकं फोडलं होतं आणि आतून निघालेल्या माहितीपुस्तिकेवर चहाचा ग्लास ठेवला होता. सावेंनी तो ग्लास दोन बोटांनी उचलला, मेलेली पाल उचलावी तसा, आणि खिडकीत नेऊन ठेवला. पुस्तिकेवर गोल डाग पडला होता.

"काय आहे हे, माहितेय का तुला?" त्यांनी विचारलं.

"डीव्हीडी ना, साहेब?"

सावेंनी उत्तर दिलं नाही. उत्तर देऊन ज्याच्या डोक्यात काही शिरण्याची शक्यता असते, अशालाच ते उत्तर द्यायचे. सरकारी रेडिओत चौतीस वर्षं ट्रान्समीटर सांभाळून ते निवृत्त झाले होते, आणि त्या चौतीस वर्षांत असा माणूस त्यांना फार तर तीन-चारदा भेटला होता. त्यातला एक वारला होता.

भाईंदर पश्चिमेला, मोरव्याच्या अलीकडे, दशरथशेठच्या शिक्षणसंस्थेचं कॉलेज होतं. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत 'सागर एफएम' नावाचा कम्युनिटी रेडिओ दोन हजार आठ साली सुरू झाला. गच्चीवर छोटासा मनोरा, पन्नास वॅटचा ट्रान्समीटर, भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा फोम. सावेंच्या मते हा रेडिओ नव्हताच, रेडिओचा पोरखेळ होता. पण मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बसून पत्नीच्या, म्हणजे सुगंधाबाईंच्या, वाटेत येत राहण्यापेक्षा तो बरा होता. म्हणून संस्थेने तांत्रिक सल्लागार म्हणून बोलावल्यावर त्यांनी 'बघू' म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःचे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर झाले.

एन्कोडरचं खूळ दशरथशेठचं. त्यांनी नवी गाडी घेतली होती. त्या गाडीच्या स्टिरिओवर मुंबईचं मोठं स्टेशन लावलं की काचेवर स्टेशनचं नाव उमटायचं. आपलं स्टेशन लावलं की नुसता आकडा. हे शेठना लागलं.

"सावेसाहेब, त्यांचं नाव येतं, आपलं का नाय येत?"

"त्याला आरडीएस म्हणतात. आवाजाबरोबर एक बारीक सिग्नल जातो. कानाला ऐकू येत नाही, रेडिओ वाचतो. त्याला वेगळं यंत्र लागतं."

"मग मागवा ना. नाव तर आलं पायजे."

यंत्र आलं, तेव्हा मात्र सावेंना आतून बरं वाटलं होतं, हे त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. काम त्यांनी दोन दिवस मन लावून केलं. स्टिरिओच्या एकोणीस किलोहर्ट्झच्या पायलटची, म्हणजे खुणेच्या सिग्नलची, वायर आणून एन्कोडरला दिली, म्हणजे त्याचा सत्तावन्नचा सिग्नल पायलटच्या बरोबर तिपटीवर बांधला जावा, मागेपुढे सरकू नये. लॉकचा हिरवा दिवा लागला. मग मीटर लावून पातळी बसवली: शंभरातले तीन टक्के, त्याहून जास्त नाही. ही पातळी एका बारीक भोकातल्या स्क्रूवर होती. तो ते घड्याळजीसारखे श्वास रोखून फिरवत होते. शेवटी कॉम्प्युटर जोडून नाव भरलं. नावाला आठ जागा असतात, रोमन लिपीतली आठ अक्षरं. SAGAR FM, मधली मोकळी जागा धरून बरोबर आठ. त्यांच्या जुन्या गाडीतल्या, मुलाने दुबईहून आणलेल्या स्टिरिओवर ते नाव लख्ख उमटलं तेव्हा गाडीत एकटेच बसलेले सावे "हं" म्हणाले. त्यांच्या लेखी हा टाळ्यांचा कडकडाट होता.

संध्याकाळी शेठ आले. गाडीत बसून त्यांनी नाव बघितलं, खूश झाले, आणि लगेच नाखूश झाले.

"आता माझं नाव कुठे टाकणार?"

"तुमचं?"

"अध्यक्ष कोण आहे?"

सावेंनी त्यांना समजावून सांगितलं. गाडी चालवणाऱ्याला स्टेशन ओळखता यावं म्हणून हे नाव असतं, ती दुकानावरची पाटी आहे. ती दर चार सेकंदांनी बदलली तर माणूस रस्त्याकडे बघायचं सोडून पाटी वाचत बसेल. जगभरचा नियम आहे की हे नाव स्थिर ठेवायचं. शिवाय जागा आठच आहेत. आठ जागांत 'संस्थापक अध्यक्ष' मावत नाही. हे सगळं ते अशा सुरात बोलले की ऐकणाऱ्याला आपण तिसरीत नापास झालोय असं वाटावं.

शेठनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. ओठ हलत होते. डी, ए, एस, एच... सावे तोंड फिरवून आवाराच्या भिंतीकडे बघत राहिले. साठीचा माणूस स्वतःचं नाव बोटांवर मोजतोय हे बघणंसुद्धा त्यांना कमीपणाचं वाटलं.

"आठ!" शेठ ओरडले. "दशरथ, आठ! बघा साहेब, देवानेच मोजून दिलंय!"

आणि इथे हरिश्चंद्र सावे यांनी नियम सोडला. त्यांनी वाद घातला नाही, की राजीनामा खिशातून काढला नाही. वर गेले, कॉम्प्युटर जोडला आणि चार सेकंद SAGAR FM, चार सेकंद DASHRATH असं लावून खाली आले. असल्या गाढवाशी कोण डोकं लावणार, असं ते स्वतःला म्हणाले. घरी जाऊन सुगंधाबाईंनाही तेच सांगितलं.

"मग लावलंत का त्याचं नाव?" बाईंनी कोथिंबीर निवडता निवडता विचारलं.

"लावावं लागलं."

"बरं," बाई म्हणाल्या. हे 'बरं' सावेंना आवडलं नाही.

पंधरा दिवसांनी शेठची पुढची तक्रार आली. काशिमिऱ्याच्या पुढे आवाज येतो, पण नाव जातं. घोडबंदरला त्यांच्या व्याह्यांचा बंगला होता. व्याह्यांना गाडीत बसवून नाव दाखवायला नेलं आणि काचेवर नुसता आकडा आला. पन्नास वॅटच्या स्टेशनकडून घोडबंदरची अपेक्षा करणं म्हणजे अंगणातल्या नळाने शेत भिजवायला जाणं, असं सावेंच्या ओठांवर आलं होतं. ते म्हणाले, "बघतो."

आवाजापेक्षा नाव आधी का जातं हे त्यांना पाठ होतं, कारण आवाजाच्या मानाने तो सिग्नल फारच बारीक असतो. तो मोठा केला तर नाव लांबवर पोचतं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि तीनवरचा काटा साडेनवावर नेला. दहापर्यंत मुभा आहे असं पुस्तिकेत छापलेलं होतं, चहाच्या डागाच्या जरा वर. नियमात आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. आवाज, पायलट, नाव, सगळं एकाच पोत्यात कोंबायचं असतं, एकाला जास्त दिलं की दुसऱ्याला त्रास होतो, आणि हलक्या रेडिओंना तर फारच होतो, हे चौतीस वर्षं शिकाऊ पोरांना सांगणारे तेच होते. पण त्या संध्याकाळी घोडबंदरला व्याह्यांसमोर DASHRATH उमटलं, शेठनी फोन करून "जियो सावेसाहेब!" म्हटलं, आणि सावेंनी फोन ठेवताना तोंड वाकडं केलं. शेठबद्दल त्यांना किळस वाटली. स्वतःबद्दल काय वाटलं ते त्यांनी बघितलं नाही.

रेडिओवर रोज सकाळी अर्धा तास डेझी घोन्साल्विस यांचा असे. उत्तनच्या, पन्नाशीच्या, मासळी विकून आयुष्य काढलेल्या बाई. वाऱ्याची दिशा, भरती-ओहोटी, कुठल्या बंदराला काय आलं, कोणाचं जाळं वाहून गेलंय, असं त्या गावच्या बोलीत सांगायच्या. सावेंना त्यांचा कार्यक्रम म्हणजे माइकला मारलेल्या हाका वाटायच्या. बाई माइकच्या इतक्या जवळ बोलत की काटा लाल पट्ट्यात जाई. सावेंनी एकदा फरशीवर खडूने रेघ मारून "याच्या पुढे यायचं नाही" असं सांगितलं होतं. बाई तेव्हापासून रेघेवर उभं राहून बोलायच्या. खुर्ची रेघेच्या पुढे होती, ती मागे घ्यायला सावेंनी सांगितलं नव्हतं.

"सायेब," एक दिवस कार्यक्रम संपल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या गावात आवाज बराबर येत न्हाय. गुळगुळते."

"खरखर म्हणायचंय तुम्हाला."

"खरखर न्हाय. गुळगुळ. पाण्यात तोंड बुडवून बोलल्यासारका."

"चायना सेट घेता तुम्ही लोक. त्यात असंच येणार."

"पयले येत नव्हता."

"पहिले सेट नवीन होते." सावेंनी चष्मा काढून पुसला. "आणि डेझीबाई, उत्तनचे ऐकतात तरी किती जण?"

बाई पिशवी उचलून गेल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच म्हणाल्या, त्याच्या पुढच्यातही. सावेंनी तिसऱ्यांदा मान वर करून बघितलंही नाही.

चौथ्यांदा त्या आल्या तेव्हा बोलण्याचा सूर वेगळा होता.

"सायेब, शनवार-रयवार आवाज सोच्छ होता. एकदम सोच्छ. सोमवारपासून परत गुळगुळते. मी विठूला इचारला. शनवारी त्यानं मोबाइल चार्ज कराला तुमच्या डब्याची पिन काढलेली. सोमवारी तुमी येऊन लावली."

सावेंनी आधी विठूला झापलं, मनसोक्त झापलं. कारण समोर जे उभं होतं त्याच्याकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं. मग म्हणाले, "योगायोग आहे."

"मंग चला. बगा येऊन."

"मी?"

"घाबरता काय?"

मासळीवाल्या बाईने आपल्याला घाबरट म्हणावं याचाच राग येऊन ते गेले. दुसऱ्या दिवशी गाडी काढली. सगळ्या रस्त्यात स्टिरिओवर दोन्ही नावं आलटून पालटून झळकत होती आणि आवाजही ठीक होता. चांगला स्टिरिओ होता तो. बघा, सावे मनात म्हणाले, यंत्र चांगलं असलं की झालं. उत्तनच्या टेकडीआड गेल्यावर आवाज थोडा पातळ झाला. तेवढं चालतं.

डेझीबाईंच्या अंगणात बांबूंवर बोंबील वाळत टाकले होते. सावेंनी नाकाला रुमाल लावला. बाईंचे यजमान बेनेडिक्ट ओट्यावर बसून जाळं विणत होते, त्यांनी मानेनेच खुर्ची दाखवली. आणि बाईंनी शेजारपाजारचे सेट मागवून ओट्यावर मांडून ठेवले होते. सहा. दोन खिशातले, एक जुना टेपरेकॉर्डर, होडीवर नेतात तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला एक, दोन मोबाइल. सगळे एकाच स्टेशनवर.

सगळे गुळगुळत होते.

सावेंनी पहिल्या सेकंदाला ओळखलं. तो आवाज त्यांनी प्रयोगशाळेत मुद्दाम काढून शिकाऊ पोरांना ऐकवला होता. तरी ते एकेक सेट उचलून, एरियल ताणून, जागा बदलून बघत राहिले. कपाळावर घाम आला. शेजारच्या दोन बाया येऊन उभ्या राहिल्या, त्यांना गंमत वाटत होती.

डेझीबाईंनी मोबाइलवरून कॉलेजला फोन लावला. "विठू, काड पिन."

गुळगुळ थांबली. सहाही सेटमधून निवेदक पोरगी चंपाषष्ठीच्या पाककृती सांगत होती, ओट्यावरच बसल्यासारखी स्पष्ट.

"लाव पिन."

पोरगी पाण्यात गेली.

"काड." वर आली. "लाव." बुडाली.

"पुरे," सावे म्हणाले.

"समदे सेट खराब," बेनेडिक्ट जाळ्यातून मान वर न करता म्हणाले. "तुमचा येकट्याचा डबा चांगला."

बाया हसल्या. चौतीस वर्षांत हरिश्चंद्र सावेंना कोणी असं हसलं नव्हतं. निदान तोंडावर नाही. "अंतर आणि टेकडी, दोन्हीचा परिणाम आहे. बघावं लागेल," असं काहीतरी ते बोलले. डेझीबाईंनी हातात चहा दिला. तो त्यांनी उभ्यानेच प्यायला आणि निघाले.

कॉलेजवर येऊन त्यांनी दार लावून घेतलं आणि स्क्रू फिरवून काटा परत तीनवर आणला. हाताला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. दुसऱ्या सकाळी डेझीबाई आल्या, तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या भागात सिग्नल कमजोर होता. मी सुधारणा केलीय."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. वजन बघताना गिऱ्हाइकाने काट्याला बोट लावलं की मासळीवाल्या बघतात, तसं. "हां का," म्हणाल्या आणि रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या.

चार दिवसांनी दशरथशेठ तिसरा मजला चढून आले. लिफ्ट नव्हती, त्यामुळे ते आधीच तापले होते.

"घोडबंदरला नाव परत गेलं, साहेब. काय केलं तुम्ही?"

"पातळी जास्त होती. कमी केली."

"क्यूं?"

"तुमचं नाव घोडबंदरला पोचवायला उत्तनला दोन महिने लोक गुळण्या ऐकत होते. होड्यांवर ऐकतात ते. वारा-भरतीची माहिती ऐकतात."

"अरे, उत्तनचे ऐकतात तरी किती जण?"

शेठच्या तोंडून आलेलं वाक्य सावेंना अक्षरन् अक्षर ओळखीचं होतं. काचेपलीकडे स्टुडिओत डेझीबाई कागद जुळवत होत्या, दार उघडंच होतं, आणि त्यांनी मान वर केली ती शेठकडे बघायला नव्हे.

शेठबद्दल सावेंना जे वाटायचं ते आता नीट वाटेना. तो माणूस होता तसाच होता: अडाणी, फुगलेला, स्वतःच्या नावाला हपापलेला. पण त्याने कधी सत्तावन्न किलोहर्ट्झ शिकलो असा आव आणला नव्हता. त्याने मागितलं होतं. दिलं होतं सावेंनी, जाणून-बुजून, स्वतःच्या हाताने.

"तीनच राहील," सावे म्हणाले. "आणि नाव एकच राहील. स्टेशनचं."

"संस्था माझी आहे, साहेब."

"स्क्रू मी फिरवलाय. परत फिरवणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नका." शेठ आवाजही न चढवता म्हणाले. त्यांच्याकडे माणसांची कमतरता नव्हती. "केबलवाला सुभाष बघेल. आमचाच पोरगा आहे."

केबलवाला सुभाष! सावेंच्या तोंडावर एक जुनी, सवयीची छटा येऊन गेली. शेठ उतरून गेल्यावर त्यांनी कॉम्प्युटर जोडून DASHRATH पुसलं आणि स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत भरायला घेतले. मग पिशवी तशीच ठेवून ते स्टुडिओच्या दारात जाऊन उभे राहिले.

"डेझीबाई. ते सिग्नल कमजोर वगैरे काही नव्हतं. मीच जास्त केलं होतं. शेठसाठी."

"म्हाईत हाय."

"तुम्हाला कसं—"

"तुमी गावात आलेले तवा तुमचा तोंड बगितला. चोराला पन येवडा घाम येत न्हाय."

सावेंना वाटलं होतं, आपण कबूल केल्यावर त्या काहीतरी बरं बोलतील. 'जाऊ द्या साहेब' एवढं तरी. बाईंनी कागद गुंडाळून पिशवीत घातला आणि विचारलं, "आता सुभाष परत वाडवनार ना?"

"वाढवेल. त्या गाढवाला दुसरं काय येतं?"

"मंग मला दावा. खाली कसा करायचा ता."

"तुम्हाला?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

बाई पिशवी खाली ठेवून डब्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

सावेंनी मीटर काढलं. पुढचा दीड तास त्यांनी बाईंना तो स्क्रू शिकवला. शिकवणं त्यांना कधी गोड जमलं नव्हतं. "अहो, उलटं नाही!" ते खेकसायचे, "हळू! पापलेट कापताय का?" बाईही तेवढ्याच तोडीस तोड होत्या. "तुमी बाजूला व्हा, उजेड आडवता," म्हणाल्या. हिरवा दिवा विझला तर काय करायचं, काटा कुठे थांबवायचा, हे त्यांनी स्वतःच्या बोलीत कागदावर लिहून घेतलं. आणि चौथ्या खेपेला, सावेंनी मुद्दाम साडेनवावर नेऊन ठेवलेला काटा त्यांनी एका हातात तीनवर आणून सोडला. ज्या हाताने बाई रोज पहाटे करंदी, ती बारीक कोळंबी, सोलायच्या, त्या हाताला घाई नव्हती. सावेंनी मीटर दोनदा तपासलं. बरोबर होतं.

काही बोलायचं म्हणून ते म्हणाले, "खुर्ची मागे घेऊन बसा हो बोलताना. उभं कशाला राहता?"

"तुमी सांगितलाच न्हाय कदी," बाई म्हणाल्या.

मीटर त्यांनी बाईंजवळच ठेवलं. तीस वर्षं कोणाला हात लावू दिला नव्हता त्याला.

महिन्याभराने दुपारी जेवायच्या वेळी सावेंचा फोन वाजला. डेझीबाई होत्या, कॉलेजवरून. सुभाषने पहिल्याच दिवशी काटा वर नेला होता. पुस्तिकेतल्या दहाच्याही वर, कारण त्याने पुस्तिका वाचलीच नव्हती. DASHRATH परत आलं होतं. पण शेठची गाडी निघते संध्याकाळी. म्हणून डेझीबाई सकाळी आल्या की काटा तीनवर आणतात, दुपारभर तसाच ठेवतात आणि चारला विठू तो वर करतो. विठूलाही शिकवलाय.

"विठूला?" सावे ओरडले. "त्या पिन उपटणाऱ्याला?"

"बरा शिकला. तुमच्यावानी वरडले न्हाय मी." मग त्यांनी खरं काम सांगितलं. "सायेब, दोन दिवस झाले, हिरवा दिवा मधे-मधे विझते. काय ते?"

सावेंनी ताट बाजूला सारलं. असल्या तात्पुरत्या तडजोडीला, सकाळी खाली संध्याकाळी वर, आपल्या वेळी ठिगळ म्हटलं असतं, हे त्यांच्या मनात आलं. पण निदान चारपर्यंत उत्तनला आवाज नीट पोचत होता.

"पायलटची वायर हलली असेल," ते म्हणाले. "मागच्या बाजूला, डावीकडून दुसरी. दिसली? नाही, ती नाही. अहो, डावीकडून म्हटलं मी!"

सुगंधाबाईंनी आमटी परत गॅसवर ठेवली.